कोंबडीवाले अण्णा

आता हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा, म्हणजे माझ्या साडीवर सांडणार नाही. इतिहास लिहायला म्हणून मी बेंबळीला गेले आणि भलत्याच माणसाचा लिहून आले. तोही इतका मन लावून, की लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं.

झालं असं. मी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या शाळेत मराठी शिकवते. एका पतसंस्थेची आणि आमच्या शाळेची अशा दोन स्मरणिका मी लिहिल्या होत्या, त्यामुळं आपल्याला इतिहास लिहिता येतो असा माझा पक्का समज झाला होता. त्यात धाराशिवच्या विकासचा फोन आला. विकासचा कार्टूनचा स्टुडिओ आहे. टीव्हीवर लहान मुलांची एक मालिका लागायची, तुरेबाई नावाच्या कोंबडीची. ती यांचीच. कंपनीला पंचवीस वर्षं होणार होती, मुंबईहून चॅनलची माणसं येणार होती, आणि त्यांच्या हातात द्यायला कंपनीचा इतिहास हवा होता.

"मॅडम, कंपनी काढली माझ्या काकांनी," विकास म्हणाला. "दिगंबरअण्णा. पहिली कोंबडी त्यांनी हातानं काढली. आता बेंबळीला असतात. तुम्ही गुरुवारी येताय असं त्यांना सांगून ठेवतो. पत्ता लिहून देतो, आणि नाहीच सापडलं तर मला फोन करा."

पत्ता त्यानं दिला. मी तो पर्समध्ये ठेवला. गुरुवारी मी दुसरी पर्स घेऊन निघाले.

आता फोन करायचा की नाही? पण पत्ता हरवला म्हणून सांगायचं म्हणजे इतिहासकाराची काय अब्रू राहिली? आणि नेमकं नावही आठवेना. मी जीपवाल्याला म्हटलं, "ते कोंबडीमुळं नाव झालेले अण्णा कुठं राहतात?"

"कोंबडीवाले अण्णा व्हय? बसा की, दारात सोडतो," तो म्हणाला. मला अभिमान वाटला. कलावंताला गाव असं ओळखतं.

अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरीचे, उंच, पांढऱ्या मिशा. आजूबाजूला दहा-बारा कोंबड्या फिरत होत्या. चित्रं काढायला समोर नमुना ठेवत असतील, असं मी मनात म्हटलं.

"तुमच्या पुतण्यानं पाठवलंय, धाराशिवच्या," मी म्हणाले. "तुमच्या कामाचा इतिहास लिहायचाय."

"असंल. त्याला कुणी ना कुणी भेटतंच," अण्णा म्हणाले. "पंचायत समितीच्या का तुमी?"

"नाही, स्मरणिकेचं काम आहे."

"तेच ते. विचारा."

मी वही उघडली. "सुरुवात कशी झाली?"

"घरामागं एक खोली होती, तिथं. लोक लई हसायचे. शिकलेला माणूस कोंबड्याच्या नादी लागला म्हणायचे."

"आणि पहिली कोंबडी कशी सुचली?"

"सुचायचं काय त्यात? सासऱ्यानं दिली."

मी लिहिलं, मूळ कल्पना सासऱ्यांची. एवढा मोठा माणूस, पण श्रेय दुसऱ्याला देतो.

"मोठ्या कंपनीशी करार झाला तो कसा?"

"ती नंतरची गोष्ट. कंपनी पिल्लं देती. खाणं, औषध समदं त्यांचं. आपुन निसतं वाढवायचं. मोठी झाली की गाडी लावून घेऊन जाती. मेहनत आपली, नाव त्यांचं."

तुरेबाईला पुढच्या भागांत पिल्लं झाली होती, हे मला माहीत होतं. मी लिहिलं, पिल्लांची कल्पना कंपनीची, पण ती पात्रं फुलवली अण्णांनी. कर्मचाऱ्यांच्या जेवणाची आणि औषधपाण्याची सोय कंपनी करत असे. हे वाक्य लिहून तर मला भरून आलं. आजकाल कोण करतं हो एवढं?

"अण्णा, कठीण काळही आला असेल."

त्यांनी पायाशी आलेली कोंबडी बाजूला सारली. मग म्हणाले, "व्हायरस आला."

"बाहेरून?"

"बाहेरूनच. सकाळी जाऊन बघतो, तर समद्या गेलेल्या. एक उरली न्हाय."

"दुसरीकडं कुठं ठेवल्या नव्हत्या?"

"न्हाय ना. समद्या एकाच शेडमधी. तीच चूक झाली माझी."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मीही डोळे पुसले. इतक्या वर्षांची मेहनत, आणि संगणकातून एका झटक्यात पुसली गेली. "मग काय केलंत?" मी हळूच विचारलं.

"काय करणार? शेतात खड्डा काढला आन् पुरल्या."

इथं मी थोडी थबकले, हे कबूल करते. पण कलावंताच्या भावनेला काय प्रश्न विचारायचे? मी लिहिलं, 'निकामी झालेले संगणक अण्णांनी आपल्या शेतात सन्मानानं पुरले.'

निघताना त्यांनी सहा अंडी रुमालात बांधून दिली. नव्या निर्मितीचं प्रतीक म्हणून, असं मी शेवटच्या परिच्छेदात लिहिलं.

रविवारी विकासला लिखाण पाठवलं. दुपारीच त्याचा फोन आला. "मॅडम, अण्णा एवढं बोलले? घरात ते दिवसाला चार वाक्यं बोलतात. त्यांच्या मनात सासऱ्यांबद्दल एवढं आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. संगणक पुरल्याचं मला आठवत नाही, पण मी तेव्हा मुंबईला होतो. आजच जाऊन त्यांच्या पाया पडतो."

संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा होता.

"मॅडम, तुम्ही कुणाला भेटलात?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बेंबळीला गेलो. खरे दिगंबरअण्णा ओट्यावर बसले होते. बारीक अंगाचे, चष्मा, कडक इस्त्रीचा सदरा. त्यांच्या पत्नीनं मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गुरुवारपासून रोज इस्त्रीचा सदरा घालून हितंच बसत्यात. बाई येणार हायेत म्हणून. मी म्हणलं, आता न्हाय येत त्या. तर म्हणले, गाडी चुकली असंल."

मी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. हसू येण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी सगळं सांगितलं, आधीचं लिखाणही वाचून दाखवलं. पर्स, जीप, खड्डा, अंडी. दिगंबरअण्णांनी ऐकून घेतलं, आणि खड्ड्यापाशी आल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसत होते. मग त्यांनी पोल्ट्रीवाल्या अण्णांना बोलावणं धाडलं. दोघं पहिलीपासून एका वर्गात होते.

ते आले, त्यांनी ऐकलं, आणि मला म्हणाले, "मला शंका आलीच हुती बाई. कोंबड्या पुरल्या म्हणून रडणारी पंचायत समितीची बाई म्या आजवर बघितली न्हवती."

मग मी खरा इतिहास लिहिला. दिगंबरअण्णांकडून दिवसाला चार वाक्यं याप्रमाणं आठवडाभर गोळा केला. ते आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. वहीच्या कोपऱ्यात पानापानांवर कोंबडी काढून, पानं फर्रकन सोडून त्यांनी ती पहिल्यांदा पळवली, ती शेजारच्या मुलांसाठी. मग धाराशिवला भाड्याची जागा, मग मुंबईचं काम, मग विकास. एकेक गोष्ट मी दोनदा तपासली. एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही. या वेळी चूक काढून दाखवाच, असं लिखाण घेऊन मी त्यांच्या पुढ्यात बसले.

त्यांनी चष्मा पुसला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश वाचलं. विकास दाराशी उभा, मी चुका टिपायला पेन उघडून बसलेली. कागद नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात दिले.

"समदं खरं हाय," ते म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं.

"पण बाई, आदीचंच छापा. त्यातल्या कोंबड्या हलत हुत्या."