झोका द्यायला ठेवलेली पोर

"बादली आण. साबण पण आण," असं काकांनी माझ्या आईला सांगितलं. आईने मान खाली घालून दोन्ही आणलं. भर बागेत, सगळ्यांदेखत, त्यांनी तिच्याकडून झोका धुवून घेतला. कारण त्यावर मी बसले होते.

नव्वदनंतरची गोष्ट. नाशिक रोडला नोकरदारांची कॉलनी, तिला लागून आमची पत्र्यांची वस्ती. आई कॉलनीत धुणीभांडी करायची. मी चौथीत होते. शाळा सुटली की आई ज्यांच्याकडे कामाला जायची त्या एका वहिनींच्या पिंकीला बागेत न्यायचं काम माझं. बाग सरकारी जागेवर होती, पण वस्तीतल्या मुली आत जायच्या त्या कॉलनीतलं कुणाचं तरी मूल कडेवर घेऊनच. आम्ही झोका द्यायचा. घसरगुंडीखाली उभं राहून मूल झेलायचं. स्वतः बसायचं नाही. हे कुणी सांगावं लागत नव्हतं. आईच्या पोटातूनच शिकून आल्यासारखं आम्हाला पाठ होतं.

त्या दिवशी पिंकी वाळूत रमली. झोका रिकामा होता. मी बसले. पाय उचलले, पोटात गुदगुल्या झाल्या आणि मी मोठ्याने हसले. तेच नडलं. कॉलनी कमिटीचे अध्यक्ष बाकावर पेपर वाचत होते. सगळी पोरं त्यांना काका म्हणायची. त्यांनी पेपरची सुरळी केली आणि तिने ढोसून मला उठवलं. हात लागायला नको म्हणून. मग आईला बोलावणं धाडलं.

ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आमची मुलं बसतात त्यावर. तुमची पोरं कुठे लोळून येतात, आम्हाला काय माहीत?"

आई फळी घासत होती. बायका बघत होत्या. आईने घासलेल्या ताटात दोन्ही वेळा जेवणाऱ्या बायका. तिचे हात त्यांना चालत होते, तिची पोर चालत नव्हती. एकीने तर साखळीची वरची कडी राहिल्याचं दाखवून दिलं. आईने टाचा उंचावून तीही घासली. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की रडूही येईना.

फळी पुसून झाल्यावर काकांनी पिंकीला वर बसवलं आणि मला म्हणाले, "चल, दे झोका."

मी हात पाठीमागे बांधले. "नाही देणार."

आईने ओल्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली. "दे म्हनते ना. माझं काम जाईल." मी दिला नाही. तिने मारत मारत घरी आणलं. काम गेलंच. त्या कॉलनीतली सगळीच कामं गेली. "लय माज आला का तुला? आता खायचं काय?" आईने विचारलं. उपाशी निजताना आईचं वाईट वाटलं, पण मी केलं त्याची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

आता मी वस्तीतच बालवाडी चालवते. दोन हजार साल उलटलं. वस्तीसमोरच्या मोकळ्या पटांगणात नवी बाग होणार म्हणून पालिकेचे साहेब लोक परवा नकाशा घेऊन आले. फाटक कॉलनीकडे. आमच्याकडे उंच भिंत. मी विचारलं, आमच्या पोरांनी जायचं कुठून? साहेब हसले. म्हणाले, "तुमच्यासाठी दुपारचा एक तास ठेवू की."

दुपारचा. उन्हाचा. कॉलनीतली पोरं झोपलेली असताना.

मी बायांची बैठक घेतली. आमचं ठरलंय. भिंतीचा पाया खणायला माणसं आली की आम्ही पोरांना घेऊन त्या चरात उतरायचं. पोलीस आले तरी उठायचं नाही. फाटक आमच्या बाजूलाही होईल, नाहीतर ती बाग आम्ही कुणालाच होऊ देणार नाही.