फक्कीची रेघ

शाळेच्या मैदानावर आज खेळांसाठी फक्की मारत होते आणि त्या कोरड्या चुन्याच्या वासाने मला बेलापूरजवळच्या आमच्या शेताची मोजणी आठवली. आमच्या आणि चुलत्यांच्या शेतांमधल्या बांधावरून दोन घरांत बोलणं बंद होतं, म्हणून सरकारी मोजणीवाला आला होता. आईने सकाळीच कोंबड्याचा रस्सा चुलीवर ठेवला होता आणि वडिलांच्या खिशात पाकीट तयार होतं. तो माणूस उन्हात मशीन घेऊन सगळे कोपरे फिरला, जुन्या बांधावरूनच फक्कीची सरळ रेघ ओढली आणि जेवण नको, पाकीट नको म्हणत स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन निघून गेला. वडिलांचं तोंड उतरलं. "आपलं काहीच घेतलं न्हाई, म्हंजी तिकडून घेतलं असंल," ते म्हणाले. पलीकडे चुलतेही त्यांच्या घरात हेच बोलत होते, असं नंतर कळलं. दोघांनीही फेरमोजणी मागितली. या वेळी आलेला मोजणीवाला आमच्याकडे पोटभर जेवला, चुलत्यांकडे चहा प्याला, पाकीट दोन्हीकडून घेतलं आणि रेघ अगदी त्याच जागी ओढली. तिच्यावर दोन्ही घरांनी मुकाट्याने दगड रोवले. "आता कसं, काम पक्कं झालं," वडील म्हणाले. ते दगड अजून तिथेच आहेत, आणि बांधाचा विषय निघाला की आमच्या घरी आजही त्या दुसऱ्याचीच आठवण काढतात, माणूस लई चांगला हुता म्हणून.