ऑफसाइडचा झेंडा

सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून नवरा कोल्हापूरला गेला. जाताना दोन-तीन महिन्यांत येतो म्हणाला होता. पण त्यांना आता एकटं ठेवता येणार नाही हे हळूहळू सगळ्यांच्याच लक्षात आलं आणि त्याचं परतीचं तिकीट पुढे पुढे सरकत राहिलं. मुलगा आणि सून इकडे परदेशातच, पण गाडीने दिवसभराच्या अंतरावर वेरिबीला, नव्या घराच्या आणि नव्या बाळाच्या गडबडीत. मी वॉलॉंगॉंगला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आमच्याकडे माणसांचं रक्त येतं, माणसं येत नाहीत. कधी कधी शिफ्ट संपवून घराचं दार उघडताना जाणवायचं, की आज आपण ‘मॉर्निंग’ आणि ‘सी यू’ यांच्यामध्ये काहीच बोललो नाही.

घरी लवकर जायला नको म्हणून मी युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, मैदानाला चकरा मारायला लागले. तिथे मुलींच्या फुटबॉल टीमची प्रॅक्टिस चालायची. दोन चकरा झाल्या की कडेच्या बाकावर बसून बघायचे. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, की आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा आणि तालमीचा मामला असतो. मॅच हरली की गल्लीतली माणसं दोन दिवस एकमेकांशी धड बोलत नाहीत. माझा थोरला भाऊ आमच्या तालमीकडून डिफेन्सला खेळायचा. ऑफसाइड म्हणजे काय ते त्याने मला जेवताना आमटीच्या वाट्या आणि लिंबाची फोड ताटाभोवती मांडून शिकवलं होतं. आई ओरडत होती, अन्नाशी खेळू नका. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्यानंतर मी फुटबॉल टीव्हीवरसुद्धा फारसा पाहिला नव्हता.

त्या वर्षी मुलींना नवी कोच आली होती. जुना कोच दुसऱ्या क्लबकडे गेला आणि चांगल्या खेळणाऱ्या बऱ्याच मुली त्याच्या मागोमाग गेल्या, हे मला बाकावर बसूनच कळलं. नवी कोच चाळिशीची, ॲडलेडहून आलेली. सगळ्यांच्या आधी येऊन एकटीच प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन मांडायची, सगळे गेल्यावर एकटीच उचलायची. मुली तिचं ऐकायच्या, पण तिच्याभोवती घोळका करायच्या नाहीत. ती मैदानाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. कित्येक आठवडे आम्ही एकमेकींना नुसती मान हलवत होतो.

सीझनची पहिली मॅच शनिवारी दुपारी होती. मी नेहमीसारखी बाकावर जाऊन बसले. या लेव्हलच्या मॅचला रेफरी एकच असतो, लाइनवर उभं राहायला दोन्ही क्लबांनी आपापला एकेक माणूस द्यायचा. युनीकडून कुणा मुलीचे वडील येणार होते, त्यांचा ऐन वेळी फोन आला की जमत नाही. कोच मैदान ओलांडून सरळ माझ्याकडे आली.

“तू नेहमी इथे असतेस,” ती म्हणाली. “ऑफसाइड कळतं तुला?”

म्हटलं, कळतं. तिने पुढे काहीच विचारलं नाही. पिवळा झेंडा माझ्या हातात दिला आणि परत गेली.

रेफरी उंच, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, की बॉल बाहेर गेला तरी झेंडा दाखवा आणि ऑफसाइडलाही दाखवा, शेवटचा निर्णय माझा. मी अंगात फ्लीसचं जॅकेट आणि पायात चालायचे बूट अशी लाइनवर उभी राहिले. डोंगराच्या कड्यावरून गार वारा येत होता. मग बॉल फिरायला लागला. कितीतरी महिन्यांनी मी काहीतरी इतकं लक्ष देऊन बघत होते.

पहिल्या हाफमध्ये समोरची टीम माझ्या बाजूला चढाई करत होती. त्यांना दोनदा ऑफसाइड दिलं, दोन्ही वेळा रेफरींनी शिट्टी वाजवली. आमच्या मुली ‘गुड कॉल’ म्हणाल्या. तरी एक गोल बसलाच. हाफटाइमला एका मुलीने संत्र्याच्या फोडींचा डबा माझ्यापुढे धरला आणि हे सगळं कुठे शिकलीस म्हणून विचारलं. भावाकडून, असं म्हणाले. आणखी खूप सांगायचं होतं, पण तेवढ्यात त्या उठल्या.

हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. आता आमच्याच मुली माझ्या बाजूच्या गोलकडे धावत येत होत्या. त्या खरंच जीव तोडून खेळल्या. शेवटी शेवटी मधून एक लांब पास आला, आणि विंगला खेळणारी बारकी, चपळ मुलगी तो घेऊन गोलकीपरच्या बाजूने आत घुसली. गोल झाला. पण बॉल पास देणारीच्या पायातून सुटला तेव्हा ती शेवटच्या डिफेंडरच्या एक पाऊल पुढे होती. ते मला दिसलं आणि हात वर गेला. मी विचार केला असं म्हणताच येणार नाही.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. झेंडा आधी कॅप्टनला दिसला. मग रेफरींनी शिट्टी वाजवून गोल नाकारला. कॅप्टन चालत माझ्यापाशी आली. आवाज न चढवता तिने विचारलं, “तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस?”

“ती पुढे होती,” एवढंच मी म्हणाले.

मॅच आम्ही एक-शून्य हरलो. समोरच्या टीमच्या कोचने येऊन माझा हात हातात घेऊन थँक्यू म्हटलं, ते मला कॅप्टनच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं. आमच्या मुली बुटांच्या नाड्या सोडत लांब बसल्या होत्या. थोड्या वेळाने तीन-चार गाड्यांत दाटीवाटीने बसून पबला गेल्या. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. कुणी माझ्याकडे बघितलंच नाही.

कोच कोपऱ्यांतले झेंडे उपटत होती. मी माझा झेंडा तिला द्यायला गेले आणि मग तशीच तिच्याबरोबर कोन उचलायला लागले. अर्धे कोन उचलून झाल्यावर तिने विचारलं, “होतं ना ऑफसाइड?”

“होतं. एक पाऊल.”

“मलाही तसंच वाटलं,” ती म्हणाली. “तुला दिसलं नसेल अशी आशा करत होते.”

ती हसली नाही, मीही हसले नाही. पबला जाणार नाहीस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हरलेल्या मॅचनंतर त्यांना माझ्यासमोर मोकळेपणाने बोलता येणार नाही. मग इथे जवळपास काही बरं खायला मिळतं का, असं तिने विचारलं. अजून मोटेलमध्येच राहते, घर मिळालेलं नाही, म्हणाली. घरी चल, आमटी-भात आहे, हे माझ्या अगदी ओठांवर होतं. पण मी तिला स्टेशनजवळच्या थाई दुकानाचा रस्ता सांगितला आणि घरी आले.

नवऱ्याला फोन लावला. तिकडे दुपार होती, तो आईला भरवत होता. मी सगळं सांगितलं, वाट्या-लिंबाचीही आठवण काढली. तो ऐकत होता, मधेच आईला ‘हां, अजून एक घास’ म्हणत होता. शेवटी म्हणाला, “तुला कुणी सांगितलं होतं त्या भानगडीत पडायला?” रागाने नव्हे, थकून म्हणाला. मग औषधांबद्दल बोललो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जेवायला उठले नाही.

मंगळवारी मैदानाकडे जायचं नाही असं ठरवून मी बीचकडे वळले होते. तिथे बोचरा वारा होता आणि सगळे जोडीने किंवा कुत्र्याबरोबर होते. शेवटी पाय मैदानाकडेच वळले. कोच लांबूनच ओरडून म्हणाली, शनिवारी लवकर ये, वॉर्म-अप बघायला मिळेल. मुलींना चालेल का, असं मी विचारलं. “त्यांना सवय होईल,” ती म्हणाली.

तशी सवय झाली. घरच्या मैदानावरच्या सगळ्या मॅचना मी लाइनवर उभी राहिले; बाहेरगावी मुलींबरोबर जाणारे कुणाचे तरी वडील उभे राहायचे. ती बारकी मुलगी आता प्रॅक्टिसनंतर येऊन विचारते, मी कधी पळायला हवं होतं. कॅप्टन मात्र हाय म्हणते आणि पुढे जाते.

कोचला घर मिळालं. एका रविवारी मी तिला जेवायला बोलावलं. भाकरी तिने आवडीने खाल्ली, तांबडा रस्सा पाण्याचे घोट घेत घेत संपवला. फुटबॉलचं बोलणं संपल्यावर मात्र दोघींना विषय सापडेना. ती ॲडलेडबद्दल एक वाक्य बोलली आणि थांबली, मी कोल्हापूरबद्दल दोन बोलले आणि थांबले. मग ती उठून, मी नको म्हणत असताना, ताटं घासायला लागली. मी शेजारी उभी राहून पुसत होते. पुढची मॅच बाहेरगावी होती, म्हणजे त्या शनिवारी मला काही काम नव्हतं.