सादिलातली मालनबाई

तामलवाडीजवळच्या एका शाळेचा मी मुख्याध्यापक आणि तालुका शिक्षक संघटनेचा चिटणीस. अक्षर वळणदार, आवाज खणखणीत. डोकं कितपत होतं ते पुढं कळेलच.

आमच्या शाळेत मालनबाई पाणी भरायची. बहात्तरच्या दुष्काळात शाळेची विहीर आटली तेव्हा तिला चार दिवसांसाठी बोलावलं होतं. शाळेच्या विहिरीला पुन्हा पाणी लागलं नाही, आणि ती सहा वर्षं पाव कोसावरच्या विहिरीवरून घागरी वाहत राहिली. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. तिची मजुरी सादिल, म्हणजे किरकोळ खर्चातून निघायची; खडू, खराटे आणि मालनबाई एकाच रकान्यात. तो रकाना मीच भरायचो. ती आजारी पडली की त्या दिवसाची मजुरी कापायचो, आणि आपला कारभार चोख असल्याचा मला अभिमानही होता.

अठ्ठ्याहत्तरच्या संपात आम्ही तुळजापुरात मांडव टाकून बसलो. महागाई भत्ता, रजा, पेन्शन अशा अकरा मागण्या मी सुबक अक्षरात लिहून टांगल्या होत्या. पाण्याची सोय हवी म्हणून मालनबाईला मीच एस.टी.त घालून आणलं. राबणाऱ्या शेवटच्या माणसाला न्याय मिळेपर्यंत हटणार नाही, असं मी गरजलो. टाळ्या पडल्या, घसा कोरडा पडला.

"मालनबाई, पाणी आण की!"

रिकामी घागर मांडीशी घेऊन ती बसून राहिली. "न्हाय गुरुजी. म्या बी संपावर हाय."

मांडव हसला, मीही हसलो. ती हसली नाही.

"त्या कागदावर माजं नाव कुठं हाय ते दावा, मंग उठते."

मी अकरा मागण्या दोनदा वाचल्या. माझे कान तापले. अध्यक्ष महांतप्पा गुरुजींनी माझ्या हातात ब्रश दिला. कागदावर जागाच उरली नव्हती, त्यामुळं बारावी मागणी तिरपी लिहावी लागली: पाणी भरणाऱ्या बाईस कायम करावे. मालनबाई पाण्याला उठल्या. त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो.

संप मिटला, आम्हाला भत्ता मिळाला. बाराव्या मागणीसाठी मात्र उस्मानाबादला वर्षभर खेटे घातले. दर वेळी परतलो की त्या विचारायच्या, "झालं का?" आणि मला खाली बघावं लागायचं. शेवटी हुकूम आला. मालनबाई कायम झाल्या, पगारी रजेसकट.

तिसऱ्याच दिवशी त्यांचा रजेचा अर्ज आला. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला, खाली अंगठा. कारण: अंग टेकायचं आहे.

रजा मीच मंजूर केली, म्हणून घागरही मीच उचलली. विहिरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शाळेत पोचेपर्यंत निम्मं पाणी धोतरात गेलं. तिसऱ्या खेपेला मान धरली. मालनबाई रोज दहा खेपा करायच्या. मी कापलेला एकेक दिवस आठवला आणि मला माझीच फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीपटावर अंगठा उठवला.

"काल पानी कुनी भरलं, गुरुजी?"

"मी."

त्यांनी माझ्या वाकड्या मानेकडं पाहिलं.

"मंग तुमची मजुरी घ्या की सादिलातून."