कपाशीतली प्लाटून

त्या रविवारी सकाळी शिट्टी वाजली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्या गावातली होमगार्डची प्लाटून मोडून कितीतरी वर्षं झाली, तरी जगन दर रविवारी अंगणात उभा राहून एक लांब शिट्टी फुंकायचा. परेडला कोणी येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. गाव हसायचं, मीही हसायचो आणि त्या शिट्टीवर चहाचं आधण ठेवायचो. त्या दिवशी चहा उकळून आटला, शिट्टी काही आली नाही... आली ती जगनची सून. "काका, बाबा उठी नही ऱ्हायनात." नव्वदीला टेकलेला माणूस झोपेत गेला. असं मरण मागून मिळत नाही, हे मला कळतं. तरी मला त्याचा रागच आला. इतक्या वर्षांची मैत्री, निदान सांगून तरी जायचं!

जगन तापीकाठच्या गुजर घरातला, बापाचा एकुलता एक. लहानपणापासून एकच वेड, पलटणीत जायचं. एकदा घरी न सांगता धुळ्याला भरतीसाठी गेला आणि रांगेत उभा असतानाच बापानं त्याला गाठलं. "एकच पोऱ्या शे मन्हा. वावर कोन करी?" एवढंच म्हणून बाप खाली बसला. जगन मुकाट्यानं घरी आला. त्यानंतर त्यानं कधी तक्रार केली नाही, पण तापीच्या पुलावरून लष्कराच्या गाड्या जाताना तो औत सोडून बांधावर उभा राहायचा. ते मला बघवत नसे.

चीनच्या लढाईनंतर गावोगाव होमगार्डची भरती सुरू झाली आणि जगनला जणू घरबसल्या पलटण मिळाली. आठवडाभर शेतकरी आणि रविवारी शिपाई. पगार नाही, सरकारचा गणवेश, हातात लाठी, नेमबाजीपुरती रायफल. तालुक्याला कंपनी, तिच्या हाताखाली गावची प्लाटून, प्लाटूनचे सेक्शन. तापीचा पूर, प्रकाशा गावची जत्रा, कुठं लागलेली आग... हाक आली की निघायचं. जगन प्लाटून कमांडर झाला. मी एका सेक्शनचा म्होरक्या झालो, तो केवळ त्याच्या आग्रहाखातर. मला उन्हात उभं राहायची हौस कधीच नव्हती.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग कपाशी फुटली आणि परेडला कावळाही येईना. वेचणी सोडून 'दाहिने मुड' कोण करणार? वरून निरोप आला, हजेरी अशीच राहिली तर प्लाटून बंद करून माणसं नंदुरबारला जोडू. नंदुरबार लांब, तिकडे कोणी जाणार नव्हतं, म्हणजे खेळ खलास. जगनला जेवण जाईना. भरतीच्या रांगेतून तो एकदा परत आला होता. आता दुसऱ्यांदा परत यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

वाट काढली ती गोमानं. गोमा भिल्ल वस्तीतला, दुसऱ्या सेक्शनचा म्होरक्या. म्हणाला, "आमनाकडे लाह ऱ्हास. ज्यानं वावर, त्यानं जेवन. हाक मारी का समदा येतस." ठरलं. रविवारी उजाडता परेड आणि लगेच सगळी प्लाटून एकाच्या वावरात वेचणीला. पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या. लाहेत ज्याचं वावर असेल तो त्या दिवशी कापसाला हात लावत नाही. तांब्या घेऊन बांधावर उभा राहतो, सगळ्यांना पाणी पाजतो, जेवू घालतो आणि स्वतः शेवटी जेवतो. परेडला न येणाऱ्याच्या वावरात लाह नाही, एवढा एकच नियम जगननं वरून घातला. हजेरी भरून वाहू लागली. मी खरं सांगतो, मी परेडसाठी नव्हे, वरण-बट्टीसाठी जायचो.

आणि नेमकी जगनची पाळी होती त्या रविवारी धुळ्याचे साहेब न कळवता तपासणीला आले. मैदान मोकळं, म्हणून जीप थेट वावरात. जगन खाकी पँट, डोक्याला रुमाल आणि हातात तांब्या अशा थाटात बांधावर. सलाम ठोकायचा सोडून त्यानं तांब्याच पुढं केला. "पहिले पानी प्या, साहेब."

"पाणी राहू दे. प्लाटून कमांडर कुठे आहेत?"

"मीच शे, साहेब."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मग जगनला शिट्टी आठवली. आम्ही धावत बांधावर रांग धरली, सावधान झालो... पण कापसाच्या झोळ्या कमरेलाच! सगळी प्लाटून दिवस गेल्यासारखी पोटं पुढं काढून उभी. साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. जगनचा चेहरा असा, की आता बाप येऊन हात धरून नेणार.

"गैरहजर किती?"

"कोनीच नही, साहेब."

साहेबांनी पुन्हा रांग न्याहाळली. मग जगनच्या हातातला तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "शहरात मला निम्मी माणसं मिळत नाहीत. चालू द्या तुमचं. फक्त सलामाच्या वेळी तांब्या खाली ठेवत जा." त्या दिवशी साहेब बट्टी खाऊनच गेले. जगन सगळ्यांच्या शेवटी जेवला, आणि इतक्या आनंदानं जेवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढं माणसं म्हातारी झाली, प्लाटून मोडली, मागोमाग लाहही थांबली. उरली फक्त शिट्टी.

जगन गेला तेव्हा त्याची कपाशी फुटून उभी होती, आभाळ भरून आलेलं आणि घर सुतकात. पुढच्या रविवारी मी त्याच्या अंगणात गेलो, खुंटीवरची शिट्टी काढली आणि फुंकली. मला ती नीट वाजवताही आली नाही. तरी माणसं आली. काठी टेकत गोमा आला, प्लाटूनवाल्यांची मुलं आली, नातवंडं आली. वहिनी दारात येऊन रडकुंडीला आल्या. "सुतक शे, भाऊ. चूल पेटाडता येत नही. जेवन दिल्याबिगर लाह कशी व्हई?"

गोमा म्हणाला, "वैनी, जेवननी फिकर करू नको. जगनभाऊनी आम्हले आगोदरच जेवाडी ठेयेल शे."

मला रडू आवरलं नाही. घरून तांब्या आणला आणि जगनच्या जागी बांधावर जाऊन उभा राहिलो. दिवस मावळायच्या आत वावर वेचून झालं.

शिट्टी आता माझ्या खुंटीला आहे. या रविवारी गोमाच्या वावरात जायचंय. वरण-बट्टी आहे म्हणतो.