सरांच्या नावाचं पोतं

दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की ज्याला ताप भरतो, असा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच जन्माला आला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला एकलहऱ्याला, नोकरी नाशिकरोडकडच्या एका कारखान्यात, आता निवृत्त. अंगाने काटकुळे, पण आवाज असा की फाटकातून 'साडूभाऊ' म्हणाले तरी गच्चीवरची कबुतरं उडतात. आमच्याकडून त्यांच्या घरी डबा गेला की तो त्याच दिवशी घासूनपुसून, आत काहीतरी घालून परत यायचा. एकदा बायकोने पुरणपोळ्या पाठवल्या, तर संध्याकाळी सगळं शहर ओलांडून हे स्कूटरवरून गंगापूर रोडला हजर, डब्यात चार पेरू. "अहो दाजी, एवढी काय घाई होती?" बायको म्हणाली. "घाई नाय, पण तुमचा डबा समोर दिसला की मला झोप लागत नाय," ते म्हणाले. मग त्यांना जेवायला बसवलं आणि जाताना बायकोने सवयीने त्याच डब्यात भाजी भरून दिली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात. शेवटी तिने प्लास्टिकच्या पिशवीतून द्यायला सुरुवात केली, तर पिशवी धुऊन, वाळवून, चौकोनी घडी घालून परत आली.

एका लग्नात कोणीतरी त्यांच्या चपला घालून गेलं. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? उरलेल्यांतला बरासा जोड पायात सरकवला असता. साडू मंगल कार्यालयाला कुलूप लागेपर्यंत दारात उभे राहिले, शेवटी एकच जोड उरला तो पिशवीत घातला आणि अनवाणी घरी गेले. पुढचे आठ दिवस त्या चपलांचा मालक शोधायला ते पाहुण्यांच्या घरोघर हिंडले. मालक सापडला, आपल्या चपला ओळखून त्याने घेतल्या, पण साडूंच्या चपलांबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. "त्यांचं काम झालं ना, बस," म्हणत हे पुन्हा अनवाणी परतले. रॉंग नंबर लागला तर हे दुसऱ्या दिवशी उलटा फोन करून विचारणार, "काल तुम्हाला पाहिजे होता तो माणूस सापडला का हो?" अशा फोनांतून त्यांची मनमाडच्या एका मुकादमाशी इतकी ओळख वाढली की त्याच्या नातवाच्या बारशाला हे जाऊन आले.

निवृत्तीनंतर स्कूटरच्या डिकीत त्यांना कारखान्याचा एक पाना सापडला. तो परत करायला गेले तर फाटकावरचा सिक्युरिटीवाला तो आत घेईना. आत घ्यायचा तर तो बाहेर गेल्याचा कागद हवा, आणि तो गेला होता चुकून, तेव्हा कागद कुठला? साडू चार दिवस रोज सकाळी पाना हातात धरून फाटकावर उभे. शेवटी वरच्या साहेबांनी गाडी थांबवली, काच खाली करून पाना स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, "काका, आता घरी जा." मला ही हकीकत सांगताना साडूंच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न पार पडल्यासारखं समाधान होतं. मी पोट धरून हसलो. माझ्या जागी तुम्हीही हसला असता, पण माझं हसणं आता मला आठवतं तेव्हा बरं वाटत नाही.

मी शाळेत गणित शिकवायचो. गणिताच्या मास्तरला विद्यार्थी रस्त्यात नमस्कार करतात, पण रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर. उभ्या नोकरीत एका पोराने मला कधी कोथिंबिरीची जुडी आणून दिली नाही. आमच्या पलीकडच्या गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त सर राहतात. तरुणपणी ते सुरगाण्याकडच्या आश्रमशाळेत होते, आणि त्यांच्याकडे अजून दरवर्षी तिकडून नवा तांदूळ येतो. हे तांदळाचं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो, आणि खाली एक जीप थांबली. "सर हायेत का?" खालून आवाज आला. मी कठड्यामागूनच "हो" म्हणालो. "तुमचं पोतं ठिवलंय गेटाशी," असं ओरडून ड्रायव्हर निघूनही गेला. पाण्याच्या टाकीजवळचं निळं गेट, एवढाच पत्ता त्याला सांगितलेला होता. निळं गेट चित्रकलेच्या सरांचं, आणि दिवाळीत रंगवल्यापासून माझंही.

पोत्यात वासाचा तांदूळ होता, कुळीथ होते आणि वर नागलीचे पापड. बायकोने विचारलं, "कोणी पाठवलं?" मी म्हणालो, "असेल कोणीतरी जुना विद्यार्थी." आणि हे म्हणताना मला खरंच तसं वाटलं. माझी छाती फुगली. त्या संध्याकाळी भात शिजला, घरभर वास सुटला, आणि मी दोनदा वाढून घेतला. तिसऱ्या दिवशी पापडांच्या खाली वहीचा कागद मिळाला. 'चित्रकलेच्या सरांना नमस्कार. बाईंना नागलीचे पापड आवडतात म्हणून जास्त घातले आहेत.' दोन मिनिटांवर घर होतं. पोतं उचलून न्यायचं, "चुकून आलं, थोडा खाल्ला, माफ करा" म्हणायचं, की झालं. मी कागदाची घडी घातली आणि जुन्या लॉगटेबलच्या पुस्तकात ठेवली. बायको हे पुस्तक कधी उघडत नाही.

त्याच रविवारी साडू जेवायला आले. पहिला घास घेऊन थांबले. "साडूभाऊ, हा तांदूळ दुकानातला नाय." बायकोने मोठ्या कौतुकाने सांगितलं, ह्यांच्या विद्यार्थ्याने पाठवला. साडूंचे डोळे पाण्याने भरले. "बघा, याला म्हणतात कमाई," ते म्हणाले. त्यांनी एकलहऱ्याच्या अर्ध्या वस्तीला ही गोष्ट सांगितली. आता पोतं परत करायचं म्हणजे नुसता तांदूळ परत करायचा नव्हता. मी रोज सकाळी ठरवायचो, आज नेऊ. आणि रोज दुपारी भात जेवायचो.

महिन्याभराने फिरायला जाताना चित्रकलेचे सर भेटले. सहज म्हणाले, यंदा तांदूळ आलाच नाही, नव्या ड्रायव्हरनेच मधल्यामध्ये लांबवला म्हणतात. तो बिचारा शपथा घेतो, निळ्या गेटाशी ठेवला म्हणून. पण तिकडच्या लोकांची शहरात शिकणारी पोरं आहेत, त्यांना घरून पिठं-तांदूळ याच जीपने यायचं. आता त्याच्याकडे कोणी पिशवी देत नाही, त्याच्या गाडीत बसतही नाहीत. मी "अरेरे" म्हणालो. एवढंच म्हणालो. घरी येऊन मला जेवण गेलं नाही, आणि दुपारी मी एकलहऱ्याची बस पकडली.

साडूंना मी सगळं सांगितलं, लॉगटेबलातल्या कागदासकट. मला वाटलं होतं, ते भोंग्यासारखा आवाज चढवतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पोतं किती उरलंय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेलं पोतं आमच्याकडून स्कूटरवर नेलं. मी बायकोला सांगितलं, दाजींना आवडला म्हणून दिला. "चांगलं केलंत," ती म्हणाली.

साडूंनी नेमकं काय केलं ते मला चित्रकलेच्या सरांकडूनच कळलं. हे उरलेलं पोतं घेऊन त्यांच्या दारात गेले आणि हात जोडून उभे राहिले. "माझ्या साडूंच्या गेटाशी पोतं दिसलं, मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलंय. घेऊन गेलो, खाल्लं. साडूंना यातलं काय ठाऊक नाय." तसेच सुरगाण्याच्या जीप थांबतात तिथे गेले, आणि चार ड्रायव्हर आणि सगळे प्रवासी यांच्यादेखत हेच पुन्हा सांगितलं. ड्रायव्हर त्यांच्या अंगावर धावून गेला म्हणे. लोकांनी आवरलं. सर मला हे सांगत होते आणि हसत होते. "माणूस दिसायला सरळ आहे हो, पण महिनाभर गप्प बसला! तुमचे साडू जरा तसलेच का?"

मी म्हणालो, "हो, आहेत जरा."

हे तीन शब्द मी उच्चारले. गल्लीत, सकाळच्या उन्हात, हातात दुधाची पिशवी घेऊन. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत, त्यांतल्या काही मी विसरलो. ही विसरता येत नाही.

मी पुन्हा एकलहऱ्याला गेलो. म्हणालो, "मी आत्ता जाऊन सरांना खरं सांगतो. ड्रायव्हरलाही सांगतो." साडू अंगणात स्कूटर पुसत होते. "त्या ड्रायव्हरच्या गाडीत परत माणसं बसायला लागली का?" त्यांनी विचारलं. लागली होती. "मग झालं. आता तुम्ही सांगायला गेलात तर मी खोटारडा ठरतो. साठ वर्षांत एकदाच खोटं बोललोय साडूभाऊ, तेवढं तरी टिकू द्या." मग फडकं पिळत म्हणाले, "आणि मेव्हणी लय खूश होती त्या तांदळावर."

अजून ते आमच्याकडे येतात. डबे परत येतात, धुतलेल्या पिशव्याही येतात. पण पूर्वी ते टाकीवरून सरळ यायचे, आता मागच्या गल्लीतून, नाल्याकडच्या खडबडीत रस्त्याने येतात, कारण सरळ रस्त्यावर चित्रकलेच्या सरांचं घर लागतं. आयुष्यात कोणाचं दार चुकवायची वेळ न आलेला माणूस, माझ्या घरी येताना वळसा घालतो. खड्ड्यांतून उडत येणाऱ्या त्या स्कूटरचा आवाज ऐकला की मी खाली जाऊन गेट उघडतो, आणि ते आत येईपर्यंत जमिनीकडे बघत उभा राहतो.