काचेआडचं युकुलेली

काकांच्या शोकेसमध्ये एक युकुलेली होतं, गिटारचं पिल्लू शोभेल असं चार तारांचं वाद्य. ते काकूच्या वडिलांचं. कोल्हापूरच्या स्टुडिओत सिनेमांच्या गाण्यांना ते हेच वाजवायचे आणि काकूलाही त्यांनीच शिकवलेलं. लग्नानंतर काकांनी ते काचेआड ठेवून कुलूप घातलं. समतेची पत्रकं वाटत वाढलेल्या मला त्या कुलपाची किळस यायची.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर निघे. विळी, हातोडा आणि स्कूटरच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू लागे. वाद्याला हत्यार समजणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करणार?

मी बारावीत असताना त्या दिवशी हुपरीचे पाहुणे आले होते. काका म्हणाले, "आमच्या आजोबांना गोऱ्या सायबानं दिलेलं हाय. एक ओरखडा न्हाय बघा, पावणं."

"मग वाजवा की!"

"ही काय वाजवायची वस्तू हाय व्हय?"

"खोटं. ते काकूच्या वडिलांचं आहे," मी म्हणाले.

काकांनी डोळे वटारले. काकूनं मात्र पदरानं वाद्यावरचं कुंकू पुसलं आणि सूर लावायला खुंट्या पिळल्या. एक तार तुटली.

"लावलीस वाट!" काका ओरडले.

उरलेल्या तीन तारांवर तिनं एक अख्खी चाल वाजवली आणि युकुलेली घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

तिथं ते आजही खिळ्याला असतं. त्यावर चरे पडलेत, त्याला फोडणीचा वास येतो. शोकेसमध्ये काकांनी प्लॅस्टिकची फुलं ठेवलीत. तीच त्यांना शोभतात.